तिसऱ्यात आठच गाणी

जंस्कार, लडाख
६ जुलै २०२५

दादा,

न ऐकता कसा काय संपला, ते आधी सांग. ‘बंद फाटक बँड दोन अल्बमवर संपला, पुढं नुसतं भुसकाट,’ हे तू मला नऊ वर्षं ऐकवतोयस. पुढचे पाच तू ऐकलेस? न्हाई. एकातलं एक गाणं? न्हाई. ज्या भाजीला बोट लावलं न्हाई तिला आळणी म्हणणारा तू एकटाच. मागच्या रविवारी फोनवर मी नुसतं ‘चौथा’ एवढं म्हणालो, तर कंपनीची बस आली म्हणून कापलास. रविवारी कुटली कंपनीची बस, दादा?

म्हणून पत्र. हे मधेच कापता येत न्हाई. फाडता येतं, पण वहिनी तुकडे जुळवून वाचतील, एवढं मला ठाऊक हाय.

रागात नमस्कार राहिला. तर तुला नमस्कार, आई-आप्पांच्या पाया पडतो, शुभांगीवहिनींना नमस्कार, आरोहीला आशीर्वाद. मी खुशाल हाय. जेवण वेळेवर मिळतं. भात लांब दाण्याचा असतो, त्याला वास म्हणून न्हाई. जुलै लागला तरी पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. तिकडं लावणी सुरू झाली असंल. आप्पांना चिखलात उतरू देऊ नका. बांधावर बसून शिव्या घालू द्या, तेवढ्यानं पण लावणी होते.

अक्षराला हसू नको. नववी नापास झाल्यापासून डिझेलच्या चिठ्ठीवर सही करायची, ह्यापलीकडं मी काही लिहिलेलं न्हाई. हे लिहायला तीन संध्याकाळी गेल्या. आणि हे आरोहीकडून वाचून घे. तिला ह्यातलं काही माहीत न्हाई, तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता अकराची हाय, तिला कळलं पाहिजे. आरोही, तू मोठ्यांदा वाच. बाबा उठून जायला लागले तर उंबऱ्यावर आडवी बस.

तर बाळा, आपल्या मुठा गावात ओढ्याच्या वर पांढरा बंगला हाय बघ, त्याची किल्ली आपल्या आप्पांकडं असायची. बंगला पुण्याच्या एका बाईंचा. त्यांचा भाचा इंद्रजित. तो आणि त्याचे तीन मित्र शनिवारी गाडीत गिटारी आणि ड्रम भरून यायचे आणि खालच्या खोलीत दोन दिवस वाजवायचे. घोरपडीच्या रेल्वे फाटकाशी रोज अडकून अडकून त्यांची दोस्ती झालेली, म्हणून बँडचं नाव बंद फाटक. पहिले दोन अल्बम त्या खोलीत जन्मले. त्यांचे स्पीकर तुझ्या बाबानं उचलले, फ्यूज तुझ्या बाबानं बांधला. आणि ‘हे गाणं लांबलंय, एक कडवं काढा’ असं त्या शहरातल्या पोरांना तोंडावर सांगायचा तो पण तुझा बाबाच. ते काढायचे. मी खिडकीखाली. मला आत बंदी होती, कारण मी एकदा त्यांच्या ड्रमवर उभा राहिलो होतो.

दुसरी गोष्ट आपल्या ढोलाची. आपलं पथक गणपतीला पुण्याला जातं आणि विसर्जन करून सकाळी परत येतं, ते तू बघतेस. पण तू जे बघतेस ते मुकं बघतेस. खरी रीत अशी, की पथक गावाच्या वेशीवर थांबतं. सगळ्यात पुढचा ढोल एकटाच वाजतो. सोळा ठोके. तो सवाल. देवळात एक ढोल मागं ठेवलेला असतो, तो आतून जबाब देतो. पुन्हा सोळा. जबाब आल्याशिवाय कुणी वेस ओलांडायची न्हाई, मग पाय मोडून येवोत. गेलेले सगळे परत आले का, असा तो सवाल, आणि या, असा तो जबाब. वर्षातून एकदाच वाजवायचा. लग्नात न्हाई, दुसऱ्या गावात न्हाई. सराव करायचा तर नुसता मांडीवर. सवाल तुझ्या बाबाकडं होता. जबाब विठ्ठलनानांकडं. तुझ्या बाबाचा सवाल निघाला की वेशीवरच्या वडावरची पाखरं उठायची, आणि म्हाताऱ्या बायका पदर सावरून उभ्या राहायच्या.

नऊ वर्षं तो वाजलेला न्हाई. का, ते पुढं सांगतो. पण ह्या सप्टेंबरात तो वाजायला पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र हाय. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

आता दादा, तुला सांगतो.

हितं आमी रस्ता काढतोय. दोन टोळ्या. आमची खालून येते, दुसरी वरून, आणि मधे एक कडा. मी पोकलेनवर. सुरुंग उडाला की धूळ बसून मुकादमानं हिरवं फडकं दाखवेपर्यंत कुणी जागचं हलायचं न्हाई. तास जातो. कॅबिनमध्ये मी, हीटर आणि फोन. एका तासात एक अल्बम बरोबर बसतो. मे महिन्यात लेहला सामान आणायला गेलो तेव्हा बंद फाटकचे पुढचे पाचही उतरवून घेतले. ठरवलं, ओळीनं ऐकायचे, उड्या मारायच्या न्हाईत, एक अल्बम आठवडाभर. तुला पुराव्यानिशी हरवायचं होतं. बाकी काही मनात नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मी तेव्हा मनाला कळू दिलं न्हाई.

आधी तिसरा लावला. तो अल्बम मी सीडी निघाली तेव्हा एकदा ऐकला होता, त्यानंतर कधीच न्हाई. नाव ‘मालगाडी’. पहिली गाणी मी ऐकलीच न्हाईत, नुसता शेवटच्या गाण्याची वाट बघत बसलो. नववं. ‘वेस’. त्याच्या सुरुवातीलाच तुझा सवाल हाय. आठवं संपलं आणि फोन गप्प झाला. वाटलं, अर्धवट उतरला. पुन्हा पहिल्यापासून लावला. पुन्हा आठ. यादी बोट लावून वाचली. दादा, आठच गाणी हायेत. ‘वेस’ न्हाई. त्यांनी ते काढून टाकलंय.

हे तुला माहीत हाय का? तुला कसं असंल, तू ऐकलंच न्हाईस.

मी त्या दिवशी हिरवं फडकं बघितलंच न्हाई. मुकादम वरून दगड मारत होता काचेवर.

चौथा अल्बम ‘साइडिंग’. ह्यात इंद्रजितचा आवाज बसका झालाय आणि गाणी हळू झालीत. तुला सुरुवातीला झोप येईल, पण दम धर. पाचव्या गाण्यात सगळं चढत जातं, ड्रम, दोन्ही गिटारी, आणि ऐन भरात येऊन थांबतं. एकदम. मी पुन्हा फोनला थापट मारली. फोन चालू होता. दुसऱ्या दिवशी त्या शांततेत मी मशीनच्या दांडीवर बोटानं मोजलं. सोळा. आणि मग चौघं एकाच पायावर परत येतात, अशी की पाठीवरचे केस उभे राहतात. आठवडाभर मी ते ऐकलं आणि आठवडाभर मोजलं. ना पंधरा, ना सतरा.

सोळा म्हणजे काय, ते आपल्या घरात कुणाला सांगायला नको.

पाचवा. इथं तू जिंकलास. पाचवा फुसका हाय. नाव ‘जलद’ आणि तो संपता संपत न्हाई. कॉम्प्युटरचे ड्रम, त्यावर मंगल कार्यालयातल्यासारखा चकचकाट. मी तीन दिवस ऐकला, चौथ्या दिवशी त्या तासात मशीनला ग्रीस मारलं. प्रामाणिकपणे सांगतो म्हणजे बाकीच्याबद्दल तुझा विश्वास बसंल.

सहावा ‘गँगमन’. त्यांच्यातला एक बँड सोडून गेला होता, पैशाचे वांधे होते, असं इंद्रजितनं मला नंतर सांगितलं. ऐकताना मला ते काही ठाऊक नव्हतं. मला नुसतं कळलं की ही माणसं पडलीत आणि उठून वाजवतायत. आवाज वरच्या पट्टीत चिरतो, आणि ते चीर लपवत न्हाईत. रूळ ठोकत ठोकत उन्हात चालणाऱ्या एका माणसाची नऊ गाणी हायेत. घर लांब राहिलंय, तो चालतोय, एक एक खिळा बघतोय. मी नववी नापास माणूस, मला कविता कळत न्हाई. पण दादा, ते माझ्यावर हाय असं वाटलं. हिंजवडीत जेसीबी, उरवड्यात लोडर, मग भूज, मग हितं. आई म्हणते ह्याच्या पायाला भिंगरी हाय. भिंगरी न्हाई ती. ते पण पुढं येईल.

आणि सातवा. मार्चमध्ये आलाय. ‘दोन्ही बाजू’. चाळिशी ओलांडलेली माणसं हायेत, वीस वर्षं झाली बँडला, आणि पहिल्या गाण्यापासून अशी सुटलीत की कॅबिनची काच थरथरत होती. गाणं संपल्यावर ड्रमवाल्याचा धापा टाकल्याचा आवाज ठेवलाय. ठेवलाय, दादा. कापला न्हाई. तुझे लाडके पहिले दोन अल्बम मी परत ऐकले, मुद्दाम. चांगलेच हायेत. पण त्यात ते जागा दिसली की भरतात. पोरं होती. पुढं पुढं ते जागा सोडायला शिकले. आणि सातव्याच्या शेवटच्या गाण्यात दोन जागा सोडल्यात. सोळाची एक. मग एक गिटार हलकीच. मग पुन्हा सोळाची.

सवालाची आणि जबाबाची.

त्या दिवशी मशीन बंद करून मी खाली उतरलो आणि दगडावर बसलो. बुधराम म्हणून झारखंडचा एक ड्रिलवाला हाय, माझ्याच खोलीत राहतो. त्यानं विचारलं, घरी कुणी गेलं का. म्हणालो, न्हाई, घरी कुणीतरी परत येतंय असं वाटतंय.

रविवारी वर खिंडीत रेंज येते तितं जाऊन मी बँडच्या पानावर इंद्रजितला लिहिलं. मी वाल्मीकचा भाऊ, ‘वेस’ कुठं गेलं. मला वाटलं उत्तर येणार न्हाई. चौथ्या दिवशी सामानाच्या गाडीबरोबर वर गेलो तर त्यानं बोलून पाठवलेलं होतं, तीन मिनिटं. तो म्हणाला, ‘मी सीडी द्यायला आलो आणि वाल्मीकने ती ओढ्यात फेकली, तेव्हा कळलं की आमच्या हातून काहीतरी मोठं चुकलंय. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. महिन्याभरात गाणं काढून घेतलं. त्यानंतर एकदाही वाजवलेलं नाही. पण त्याची जागा काढता येईना रे. ती आम्ही रिकामी ठेवतो.’ कार्यक्रमातसुद्धा ठेवतात म्हणे. दोन-दोन हजार लोक सोळा ठोके गप्प उभे राहतात. का, ते त्यांना माहीत न्हाई.

आणि शेवटी त्यानं एक विचारलं. सहज विचारल्यासारखं. ते मी दहा वेळा ऐकलं. ‘शंभू, तू मला म्हणाला होतास की दादाने दिलंय. दिलं होतं ना त्याने?’

आता लिहितो. आरोही, तू थांबू नको बाळा, वाच.

दादा, त्या वर्षी तू इंद्रजितला वेशीवर सवाल ऐकायला बोलावलंस. त्याला म्हणालास, फोन खिशात ठेव. त्यानं ठेवला. आप्पांचा फोन माझ्या खिशात होता, आणि तो चालू होता. मी तुझ्या अगदी मागं उभा होतो. सवाल सगळा आला. जबाब देवळातून, लांबून, तो फोनमध्ये आलाच न्हाई. महिनाभरानं इंद्रजित बंगल्यावर म्हणाला, तो आवाज डोक्यातून जात न्हाई. मी म्हणालो, माझ्याकडं हाय. तो म्हणाला, वाल्मीकला चालेल का. मी म्हणालो, दादानंच दिलंय. सोळा वर्षांचा होतो. पहिल्यांदा त्यांनी मला आत बोलावलं होतं, त्या खोलीत, खुर्चीवर बसवलं होतं. त्यासाठी मी काय पण बोललो असतो. त्यानं खिशातून पाचशेची नोट काढून दिली, म्हणाला, दादाला दे. मी ती घेऊन पिरंगुटला गेलो. मेमरी कार्ड घेतलं, इअरफोन घेतले, आणि मोबाइलवाल्याकडून त्यांचेच दोन अल्बम भरून घेतले. उरलेल्याची मिसळ.

त्याच पिरंगुटच्या बाजारात, त्याच दुकानाच्या कर्ण्यावर, पुढच्या ऑगस्टात नानांनी नव्या ‘वेस’ गाण्यात तुझा सवाल ऐकला. बसची वाट बघत होते. सवाल वाजतोय, परत वाजतोय, आणि जबाब द्यायला कुणी न्हाई. नाना बस सोडून चालत गावात आले.

देवळासमोर त्यांनी तुझ्या गळ्यातला ढोल उतरवला तेव्हा सगळं गाव होतं. तू एवढंच म्हणालास, ‘मी दिला न्हाई.’ नाना म्हणाले, ‘मग कुणी दिला?’ तू गप्प. दुसऱ्या दिवशी आप्पांनी बंगल्याची किल्ली परत केली. आणि मी खांबाला टेकून उभा होतो, खिशात ते इअरफोन. बोट घालून मी त्यांची वायर पिळत होतो. तोंड उघडलं न्हाई. त्या दिवसापासून मला घरात बसवत न्हाई. आईला सांग, ती भिंगरी म्हणते ते हे.

एवढं लिहून काल मी जेवायला गेलो. जेवलो पण. सांगायची गोष्ट बाहेर पडली की भूक लागते, हे मला माहीत नव्हतं.

आता चांगलं ऐक. ह्याच्यासाठीच कागद राखून ठेवलाय.

दोन जुलैला कडा फुटला. आमची टोळी आणि वरची टोळी ह्यांच्यामधे दहा फुटांची एक भिंत उरली होती. सकाळी ती उडवली. त्या दिवशी बुधराम वरच्या टोळीकडं ड्रिलसाठी गेलेला. महिनाभर मी त्याला जेवणानंतर ताटावर जबाब शिकवला होता. चुकलो असंल, पण शिकवला. त्यांच्या गावात मांदर म्हणून ढोल वाजवतात, त्याचा हात बसायला दोन दिवस लागले.

धूळ बसली. हिरवं फडकं हललं. मी पुढं जाऊन मलबा ओढला, आणि मलब्याच्या पलीकडं उजेड दिसला. पलीकडची माणसं दिसेनात, नुसता उजेड. सगळे पुढं पळायला लागले. मी हॉर्न मारून सगळ्यांना थांबवलं. मग दादा, मी बकेट उलटी केली आणि तिच्या पाठीनं खडकावर सवाल वाजवला. वीस टनांचं मशीन. सोळा ठोके. तुझ्यासारखा न्हाई आला, नववा ठोका घसरला. पण डोंगरानं तो घेतला आणि समोरच्या डोंगरावर फेकला.

मग शांत. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब शांतता ती. शेजारी मुकादम माझ्याकडं बघतोय, हा येडा झाला का.

आणि पलीकडून, धुळीच्या आतून, डिझेलच्या रिकाम्या पिंपावर जबाब आला. सोळाच्या सोळा.

तितं पन्नास माणसं असतील. झारखंडची, नेपाळची, लडाखी, दोघं बिहारचे. कुणाला काही माहीत न्हाई, आणि सगळे ओरडत सुटले. दोन्ही बाजूंनी माणसं पळत आली आणि त्या ढिगाऱ्यावर एकमेकांना भिडली. मुकादम, जो मला कधी चहा पाजत न्हाई, त्यानं माझं डोकं धरून मुका घेतला. मी कॅबिनच्या टपावर चढून सातवा अल्बम लावला, मोठा स्पीकर जोडून, आणि तो पूर्ण वाजला. शेवटच्या गाण्यात पहिली जागा आली तेव्हा मी बकेटवर हातोडा मारला, दुसरी जागा आली तेव्हा बुधरामनं पिंप वाजवलं. नऊ वर्षं अर्धं राहिलेलं ते गाणं, दादा, त्या दिवशी पुरं झालं असं मला वाटलं. तू असतास तर नववा ठोका पण नीट आला असता.

संध्याकाळी खिंडीत जाऊन मी विठ्ठलनानांना फोन केला. आधी नोटेचं सांगितलं. त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या आरोही वाचतेय म्हणून लिहीत न्हाई. दोन तर मी पहिल्यांदाच ऐकल्या. मग म्हणाले, ‘त्या पोराला मी देवासमोर उघडं पाडलं, आणि तू खांबाला टेकून बघत होतास.’ मी म्हणालो, व्हय. मग मी सकाळचं सांगितलं, सगळं सांगितलं, कारण आणखी एक गुन्हा पोटात ठेवायचा नव्हता. वेस नसताना सवाल वाजवला, गावाबाहेर वाजवला, लोखंडावर वाजवला.

नाना म्हणाले, ‘जबाब आला का?’

म्हणालो, आला.

‘मग वेस होती तितं,’ म्हणाले.

दादा, नाना अठ्ठ्याहत्तरचे हायेत. म्हणाले, खांदा गेलाय, पण जबाब बसून दीन. ह्या वर्षी दीन, पुढचं सांगत न्हाई. जबाब त्यांच्याबरोबर गेला तर गेला. सवाल करायला तूच पाहिजेस. आरोहीला जबाब शिकवू का, असं पण विचारत होते, म्हणजे त्यांनी मनात बरंच पुढचं ठरवलंय. तुझा ढोल देवळात तुळईला टांगलाय, नऊ वर्षं कुणी हात लावला न्हाई. त्याची कातड्याची पानं वाळून फाटलीत, नवी चढवायला लागतील. नागपंचमीला सगळे ढोल खाली उतरतात. नाना म्हणाले, ‘बाकीचे कुणी पण उतरवतील. तो वाल्म्याच्याच हातानं उतरायला पाहिजे. आणि मी त्याला हात जोडणार हाय, सगळ्या गावासमोर, तेव्हा त्यानं नको नको करू नये.’

मला शिक्षा झालीय. विसर्जनाच्या आदल्या दिवशी सुट्टी घेऊन यायचं आणि पथकाचं पाणी वाहायचं, अनवाणी, पुण्यापासून वेशीपर्यंत. दुसरी शिक्षा पाकिटात हाय. मी सुट्टीचा अर्ज दिलाय, मंजूर झालाय. इंद्रजितला खरं सांगून टाकलं. त्यानं एकच मागितलंय, वाल्मीक हो म्हणाला तर वेशीवर गर्दीत उभं राहून ऐकायचंय. फोन घरी ठेवून येतो म्हणाला. त्याला हो म्हण का नको म्हण, ते तुझं.

एक राहिलं. ते मी तीन संध्याकाळी पुढं ढकलत होतो.

देवळासमोर नानांनी विचारलं, मग कुणी दिला, तेव्हा तू वर बघितलंस. गावाकडं न्हाई, इंद्रजितच्या बंगल्याकडं न्हाई. खांबाकडं बघितलंस. मग मान खाली घातलीस. नऊ वर्षं तू त्या बँडला शिव्या घालतोयस, त्यांचं नाव काढलं की फोन कापतोयस. दादा, त्या शिव्या खरंच त्यांच्या होत्या का? का माझ्या वाटणीच्या तू तिकडं टाकत होतास, म्हणजे त्या मला लागू नयेत?

उत्तर नको देऊ. नागपंचमीला ढोल खाली घे, मला कळंल.

आणि तिसऱ्यापासून ऐकायला लाग. वहिनींच्या फोनवर आरोही लावून दील. पाचवा सोडलास तरी चालंल.

आईचे महिन्याचे पैसे नेहमीसारखे वहिनींच्या खात्यावर येतील, ते वेगळे. नाना म्हणाले, नोट ज्याची त्याच्या हातावर पडल्याशिवाय पुढचं काही नको. तिच्यात ढोलाचं नवं पान येणार न्हाई, थोडं कमी पडंल, ते पथक घालंल. पण पहिली नोट हीच असू दे.

तुझ्या मागं उभा असलेला,
शंभू

सोबत, तुझ्यासाठी इंद्रजितनं दिलेले रुपये पाचशे.